नव्या संगणकावर विंडोज ७ : बुधवार पेठेतील एका दुरुस्तीच्या दुकानाचा अनुभव

पुण्यातल्या नारायण पेठेत राहत्या घरीच मी गेली सव्वीस वर्षे अक्षरजुळणीचे आणि पानजुळणीचे काम करते. दिवाळी अंक, संस्थांचे वार्षिक अहवाल, स्मरणिका, कवितासंग्रह असे काम वर्षभर येत असते आणि त्यातले निम्मे तरी जुन्या फाइलींवर अवलंबून असते. म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वी जुळवलेल्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघते, त्यात चार पाने वाढतात, एखाद्या प्रकरणात दुरुस्त्या होतात आणि बाकीचा मजकूर होता तसाच हवा असतो. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, अंकांचा मजकूर हाती येऊ लागला असतानाच, २०१० साली घेतलेला माझा संगणक बंद पडला. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले होते आणि त्या जातीचा मदरबोर्ड बाजारात मिळण्याची आशा नव्हती. घरात मुलीने २०२१ मध्ये घेतलेला संगणक होता, तो ती नोकरीसाठी बाहेरगावी गेल्यापासून पडून होता. त्यावर विंडोज ११ होती आणि माझे सारे काम विंडोज ७ वर चालत आलेले होते. ती विंडोज ७ या नव्या यंत्रावर बसवून देण्याचे काम बुधवार पेठेतल्या एका लहानशा दुकानाने केले. माझ्या ओळखीच्या पाच-सहा अक्षरजुळणीकारांपुढे आज हाच प्रश्न उभा आहे, म्हणून तो अनुभव येथे सविस्तर लिहीत आहे.

जुन्या प्रणालीचा आग्रह कशासाठी, हे आधी सांगायला हवे, कारण दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न तोच विचारला जातो. माझ्या जुन्या फाइली पेजमेकर या पानजुळणीच्या प्रोग्रॅममध्ये आहेत. पेजमेकरची ७ ही शेवटची मुख्य आवृत्ती २००१ मध्ये आली. तिच्या फाइली इनडिझाइन या नव्या पानजुळणी प्रोग्रॅमच्या सीएस ६ पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये उघडता येत होत्या, पुढच्या आवृत्त्यांतून ती सोय काढून टाकली गेली. शिवाय त्या फाइलींमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आज सर्वत्र चालणाऱ्या अक्षरसंकेतात, नाही. तो त्या काळच्या मराठी टंकप्रणालीच्या फॉन्टमध्ये आहे आणि ती टंकप्रणाली यूएसबीमध्ये लावायच्या एका डोंगलशिवाय, म्हणजे परवान्याच्या किल्लीसारख्या लहान उपकरणाशिवाय, सुरू होत नाही. त्या डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला तो ओळखू देणारा छोटा प्रोग्रॅम, ३२ बिटचा आहे. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही आणि विंडोज ११ तर केवळ ६४ बिटमध्येच मिळते. त्यामुळे माझ्यासाठी मार्ग अगदी अरुंद होता : विंडोज ७ हवी, आणि तीही ३२ बिटची.

मजकूर युनिकोडमध्ये बदलून का घेतला नाही, असे अनेकांनी विचारले. बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत आणि मी ते वापरतेही. पण जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, रफार अक्षरानंतर येतो, आणि हा क्रम उलटा करताना कन्व्हर्टर ठेच खातात. सर्वांत जास्त त्रास ‘ऱ्या’ने होतो. ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते, ‘सुट्ट्या’ तुटून पडतात, आणि दोनशे पानांच्या पुस्तकात अशा जागा शेकड्याने निघतात. एकदा छापून निर्दोष झालेले पुस्तक पुन्हा मुद्रितशोधनाला पाठवायचे आणि त्यात नव्या चुका राहू द्यायच्या, हे माझ्या मनाला पटत नाही. नवे काम मी युनिकोडमध्येच करते. जुन्या पुस्तकांची आवृत्ती मात्र तिच्या मूळ फाइलीतूनच निघावी, या मताची मी आहे.

माझ्याकडे विंडोज ७ प्रोफेशनलची २०१० मध्ये विकत घेतलेली मूळ पेटी आहे, त्यात ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन्ही डीव्हीडी आहेत. म्हणून पहिला प्रयत्न मी घरीच केला. जुन्या संगणकातला डीव्हीडी ड्राइव्ह काढून नव्यात जोडला, ओळखीच्या एका मुलाकडून बायोसमधली (संगणक चालू करताच सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधली) मांडणी बदलून घेतली आणि डीव्हीडीवरून संगणक सुरू केला. विंडोजच्या फाइली वाचल्या जात असल्याची पट्टी दिसली, मग भाषा निवडण्याची ती निळी खिडकी आली, आणि त्याच क्षणी माऊसचा तांबडा दिवा विझला. कळफलकावरचा नम लॉकचा दिवाही गेला. पडद्यावर ‘नेक्स्ट’ हे बटण दिसत होते आणि ते दाबायला काहीच साधन हाती उरले नव्हते. सगळी यूएसबी छिद्रे पालथी घातली, तरी तेच.

याचे कारण मला पुढे दुकानात समजले. विंडोज ७ बाजारात आली २२ ऑक्टोबर २००९ रोजी. त्या वेळी यूएसबी ३ चा प्रसार झालेला नव्हता, त्यामुळे तिच्या डीव्हीडीत त्याचे ड्रायव्हरच नाहीत. २०१५ पासूनच्या, म्हणजे इंटेलच्या सहाव्या पिढीच्या आणि त्यानंतरच्या मदरबोर्डांवर यूएसबी २ चा जुना कंट्रोलर काढून टाकलेला आहे आणि सगळी छिद्रे यूएसबी ३ च्याच कंट्रोलरला जोडलेली आहेत. सुरुवातीला बायोस स्वतः कळफलक सांभाळते म्हणून तो चालतो, पण विंडोजने ताबा घेतला की तिला ती छिद्रे दिसतच नाहीत. माझा संगणक दहाव्या पिढीच्या आय-३ चा, तेव्हा दुसरे काही होणे शक्यच नव्हते.

यानंतर मी घराजवळच्या एका मोठ्या दुकानात गेले. तेथे तपासणीचे पाचशे रुपये घेऊन मला सांगण्यात आले की संपूर्ण यंत्राला फॉरमॅट मारावा लागेल आणि माझ्या डीव्हीडीऐवजी त्यांच्याकडची ‘तयार’ विंडोज ७ टाकावी लागेल, जिला परवाना क्रमांक लागत नाही. मुलीचे चार वर्षांचे शिक्षणाचे साहित्य त्याच डिस्कवर आहे, ते आधी काढून घ्यायला हवे का, असे मी विचारले तेव्हा कुठे त्यांनी ‘हो, ते जाईल’ असे सांगितले. विचारले नसते तर ते गेले असते. परवान्याची विंडोज हातात असलेल्या ग्राहकाला चोरीची विंडोज देऊ करणे आणि डिस्क पुसली जाणार हे आपणहून न सांगणे, या दोन्ही गोष्टींचा मला अतिशय राग आला आणि मी संगणक तसाच रिक्षात घालून परत आणला.

बुधवार पेठेतले दुकान मला एका मुद्रकांनी सुचवले. ते तपकीर गल्लीच्या परिसरात एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. जिना अरुंद आहे, रस्त्यावर दुचाकी लावायलाही जागा मिळत नाही आणि संगणक घेऊन जाणाऱ्याने सोबत कोणीतरी न्यावे हे उत्तम. मोकळ्या हाताने जायचे असेल तर आता मेट्रोच्या मंडई किंवा कसबा पेठ स्थानकावर उतरून चालत जाता येते. दुकानाचे मालक साधारण पन्नाशीचे आहेत आणि त्यांच्या हाताखाली एक तरुण मुलगा काम करतो.

मालकांनी संगणक उघडण्याआधी अर्धा तास केवळ प्रश्न विचारले. तुम्ही नेमके कोणते काम करता, फाइली किती मोठ्या असतात, छपाईला काय पाठवता, या संगणकावर बँकेचे व्यवहार करता का, डोंगल सोबत आणला आहे का. मग ते म्हणाले, “काकू, विंडोज ७ मी बसवून देईन, पण आधी तिची गरज पडते का ते पाहू. गरज पडली नाही तर तुमचे पैसे वाचतील.” असे म्हणून त्यांनी विंडोज ११ च्या आतच व्हर्च्युअलबॉक्स हा विनामूल्य प्रोग्रॅम टाकला आणि त्यात माझ्या डीव्हीडीवरून ३२ बिटची विंडोज ७ बसवली. अशा व्यवस्थेत जुनी प्रणाली खऱ्या यंत्रावर न बसता नव्या प्रणालीच्या एका खिडकीत चालते, त्यामुळे नव्या हार्डवेअरचा आणि तिचा थेट संबंधच येत नाही आणि ड्रायव्हरांचा प्रश्न मिटतो. पेजमेकर उघडला, डोंगलही ओळखला गेला, माझी २००८ ची एक फाइल पडद्यावर आली तेव्हा मला वाटले की काम झाले. पण संगणक थोडा वेळ निद्रावस्थेत जाऊन परत आला की त्या खिडकीतून डोंगलची जोडणी सुटत होती, टंकप्रणाली बंद पडत होती आणि न साठवलेले पान जात होते. त्यांनी दोन वेगवेगळ्या मांडण्या करून पाहिल्या, तरी तिसऱ्या वेळी पुन्हा तेच झाले. मगच त्यांनी प्रत्यक्ष यंत्रावर विंडोज ७ बसवण्याचे मान्य केले. या पहिल्या प्रयोगाचे त्यांनी काहीही पैसे घेतले नाहीत.

पुढचे काम मी स्वतः बसून पाहिले. डिस्कचे एन्क्रिप्शन, म्हणजे तिच्यावरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय, चालू नाही याची खात्री त्यांनी सर्वांत आधी केली, कारण ते चालू असताना बायोसमधला सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय) बंद केला तर विंडोज ११ रिकव्हरी की मागत बसते आणि ती हाताशी नसेल तर सगळेच अडते. मग त्यांनी मुलीचा सगळा डेटा असलेली एनव्हीएमई (नव्या, वेगवान जातीची) डिस्क यंत्रातून चक्क काढून कागदी पाकिटात घातली, त्यावर माझे नाव लिहिले आणि पाकीट माझ्या हातात दिले. “ही तुमच्याकडेच ठेवा, म्हणजे चुकूनही हिला हात लागायचा नाही,” असे ते म्हणाले. आधीच्या दुकानातल्या अनुभवानंतर या एका कृतीने माझ्या मनावरचे केवढे ओझे उतरले, हे शब्दांत सांगणे कठीण आहे.

विंडोज ७ साठी त्यांनी वेगळी, २४० जीबीची साटा या जुन्या पद्धतीच्या जोडणीची एसएसडी घ्यायला सांगितली. एनव्हीएमईचा ड्रायव्हरही विंडोज ७ मध्ये मुळात नाही; तो मायक्रोसॉफ्टने नंतर एका दुरुस्तीद्वारे दिला, पण तो घालूनही ३२ बिटची विंडोज ७ फक्त जुन्या बायोसच्या पद्धतीनेच सुरू होऊ शकते आणि त्या पद्धतीत बऱ्याच एनव्हीएमई डिस्कांवरून यंत्र सुरूच होत नाही. साटाच्या डिस्कला यातली कोणतीच अडचण नाही. जुनी पद्धत चालू करण्यासाठी बायोसमध्ये सीएसएम नावाची सोय असावी लागते. माझ्या मदरबोर्डवर ती आहे. यानंतरच्या पिढ्यांमध्ये ती कमी होत गेली आहे, त्यामुळे आजच नवा संगणक विकत घेऊन त्यावर विंडोज ७ टाकण्याचा विचार असेल तर तो खरेदीपूर्वीच या दुकानात जाऊन बोलावा, असे मी आग्रहाने सांगेन.

कळफलकाचा प्रश्न त्यांनी दोन बाजूंनी सोडवला. त्या मुलाने डीव्हीडीतल्या फाइली एका पेन ड्राइव्हवर घेऊन त्यांत यूएसबी ३ चे ड्रायव्हर आधीच मिसळले. हे मिसळण्याचे काम दोन ठिकाणी करावे लागते, एकदा बसवण्याच्या प्रक्रियेसाठी आणि एकदा प्रत्यक्ष बसणाऱ्या विंडोजसाठी. पहिलेच केले तर बसवताना कळफलक चालतो आणि बसवून झाल्यावर पुन्हा मरतो. तरीही काही चुकलेच तर हाताशी असावा म्हणून मालकांनी खणातून गोल जांभळ्या पिनेचा एक जुना पीएस/२ कळफलक काढला. त्याच्या बटणांवर मराठी अक्षरांच्या पिवळट पडलेल्या चिकटपट्ट्या होत्या. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ झिजून गेलेले होते. माझ्या मदरबोर्डच्या मागे अर्धे जांभळे, अर्धे हिरवे असे एक गोल छिद्र आहे, ते चार वर्षांत मी कधी लक्ष देऊन पाहिलेही नव्हते. त्यात ती पिन बसली. या छिद्राचा यूएसबीशी संबंध नसल्याने विंडोज ७ ला ते पहिल्यापासून ओळखता येते. मग तीच निळी खिडकी आली, आणि या वेळी त्यांनी एंटर दाबल्यावर ती पुढे सरकली.

बसवण्याला अर्ध्या तासाहून कमी वेळ लागला आणि परवाना क्रमांक माझ्याच पेटीवरचा चालला. त्यानंतर पडदा मात्र ओबडधोबड, मोठ्या अक्षरांचा दिसत होता. प्रोसेसरमध्येच असलेल्या इंटेलच्या ग्राफिक्ससाठी विंडोज ७ चे ड्रायव्हर या पिढीला दिलेलेच नाहीत. पानजुळणीच्या कामात दोन समोरासमोरची पाने पूर्ण आणि स्पष्ट दिसली नाहीत तर उपयोग नाही, म्हणून जीटी ७१० हे जुने ग्राफिक्स कार्ड बसवावे लागले. तेथेही ३२ बिटची अडचण आहेच, कारण एनव्हिडियाने ३२ बिटच्या प्रणालींसाठी नवे ड्रायव्हर देणे २०१८ मध्ये थांबवले. त्या मुलाने ३९१ क्रमांकाचा जुना ड्रायव्हर शोधून बसवला आणि पडदा लख्ख झाला. आठ जीबी रॅमपैकी ३२ बिटच्या विंडोजला साडेतीन जीबीच्या आतबाहेरच दिसते; पेजमेकरसाठी ते पुरून उरते.

सर्वांत महत्त्वाचा भाग त्यांनी न केलेल्या कामाचा आहे. विंडोज ७ मध्ये त्यांनी इंटरनेटचा ड्रायव्हर बसवला नाही. तो उपलब्ध आहे, पण १४ जानेवारी २०२० पासून मायक्रोसॉफ्टने या प्रणालीचा सर्वसाधारण आधार थांबवला आहे, क्रोमची १०९ ही तिच्यावर चालणारी शेवटची आवृत्ती आहे, आणि अशा यंत्रावरून इंटरनेटवर जाणे म्हणजे कुलूप नसलेल्या घरात दागिने ठेवणे, असे त्यांनी मला स्पष्ट शब्दांत सांगितले. शेवटी एनव्हीएमई डिस्क परत बसवून दिली. आता संगणक सुरू करताना एक बटण दाबून मी दोन्हींपैकी हवी ती प्रणाली निवडते : ईमेल, बँक आणि युनिकोडचे नवे काम विंडोज ११ वर, जुन्या फाइली विंडोज ७ वर. फाइली पेन ड्राइव्हवरून नेते आणि तो पेन ड्राइव्ह आधी विंडोज ११ मध्ये व्हायरससाठी तपासून घेते. तयार पानांची पीडीएफ काढून ती विंडोज ११ वरून मुद्रकाला पाठवते.

खर्च असा झाला : एसएसडीचे १,७००, वापरलेल्या ग्राफिक्स कार्डाचे २,००० आणि मजुरीचे १,८०० रुपये, असे एकूण ५,५०० रुपये. माझ्या मते मजुरी रास्त आहे. दोन दिवसांचे काम त्यात आहे. एसएसडीचे पक्के बिल आणि वॉरंटी कार्ड मिळाले. ग्राफिक्स कार्डासाठी मात्र एक महिन्याची हमी केवळ तोंडी दिली गेली, ती मी आग्रह धरून बिलावर लिहून घेतली. ती त्यांनी आपणहून लिहून द्यायला हवी होती.

आणखीही काही उणिवा आहेत. तीन दिवसांत देतो म्हटलेला संगणक सहाव्या दिवशी मिळाला आणि मधल्या काळात दुकानाचा फोन बहुतेक वेळा कोणी उचलला नाही. दिवाळी अंकाच्या हंगामात तीन दिवस वाया जाणे म्हणजे काय असते, हे अक्षरजुळणीकारालाच कळेल. मला दोन रात्री जागून ते भरून काढावे लागले. विंडोज ७ मध्ये आवाज येत नाही, तो ड्रायव्हर राहून गेला आणि मीही त्यासाठी पुन्हा फेरी मारली नाही. निद्रावस्थेतून यंत्र नीट परत येत नाही, म्हणून ती सोय त्यांनी बंदच करून ठेवली आहे. हे मला घरी आल्यावर समजले, ते दुकानातच सांगायला हवे होते.

ज्यांना विंडोज ७ केवळ सवयीची आहे म्हणून हवी असेल त्यांना मी हे करायला सांगणार नाही, आणि हे दुकानही सांगणार नाही. माझ्यासमोरच एक गृहस्थ हिशेबाच्या जुन्या प्रोग्रॅमसाठी विंडोज ७ मागायला आले होते. तो प्रोग्रॅम व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालतो हे त्यांना वीस मिनिटांत दाखवून मालकांनी तेवढ्याचेच पैसे घेतले.

संगणक परत देताना त्या मुलाने एका कागदावर बायोसमधल्या सगळ्या बदललेल्या नोंदी सुवाच्य अक्षरात लिहून तो कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावला होता : सिक्युअर बूट बंद, सीएसएम चालू, साटा एएचसीआय, सुरू होण्याचा क्रम. ड्रायव्हर मिसळलेला पेन ड्राइव्हही तेथेच लहान पिशवीत ठेवून दिला होता. गेल्या महिन्यात एके सकाळी संगणकाचे घड्याळ मागे गेले आणि विंडोज ७ ची डिस्क यादीतून नाहीशी झाली. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ चा सेल संपला होता, त्यामुळे बायोसमधले सगळे बदल पुसले गेले होते. कोपऱ्यावरच्या घड्याळाच्या दुकानातून मी सेल आणला, कॅबिनेट उघडले, कागद समोर धरून एकेक ओळ तशी करत गेले, आणि पंधरा-वीस मिनिटांत एका कवितासंग्रहाच्या तिसऱ्या आवृत्तीची फाइल पुन्हा पडद्यावर आली. ‘दुसऱ्या’ हा शब्द पहिल्याच ओळीत होता आणि तो जसा होता तसाच होता.